बटण, ढगू आणि टेबलराव

दार ढकलून तो आत आला तेव्हा छोट्या डॉक्टरचा हात जवळजवळ कोपरापर्यंत एका दांडग्या कुत्र्याच्या जबड्यात होता.

ती बाहेरच्या खोलीत फरशीवरच बसली होती. कुत्र्याला आतल्या टेबलावर चढायचं नव्हतं, आणि त्याच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा आपण खाली बसलेलं बरं, हे ती वडिलांकडे बघून शिकली होती.

तो दारातच थिजला. उंच, किडकिडीत, खांद्याला ऑफिसची बॅग, आणि छातीशी घट्ट धरलेली कपडे धुण्याची टोपली. टोपलीवर टॉवेल बांधला होता. टॉवेल हलत होता.

"तो... चावतोय का तुम्हाला?"

"नाही हो, दाढेत काडी अडकलीय. दार लावून घ्या तेवढं."

"आतून लावू की... बाहेरून?"

छोट्या डॉक्टरला हसू फुटलं. हात जबड्यात असताना हसू नये, हे तिला चांगलं ठाऊक होतं, तरी फुटलंच. काडी निघाली, कुत्रा शेपटी हलवत उठला, आणि हा पाहुणा झरकन वजनकाट्याच्या मागे जाऊन उभा राहिला.

"काय आणलंय?" हात धुता धुता तिनं विचारलं.

"मांजर. म्हणजे... तुम्हीच बोलावलंत." त्यानं मोबाइल पुढे केला. दवाखान्याचाच निरोप होता. 'तुमची लाडकी बटण,ढगू,काळी हिची लस टोचायची वेळ झाली आहे.'

"मग यातली ही कोणती?"

"जी सापडली ती," तो गंभीरपणे म्हणाला. "बाकीच्या दोघी कपाटावर आहेत. माझ्या नाहीत त्या, बहिणीच्या. ती सासरी गेलीय महिनाभर, हा निरोपही तिनंच पुढे पाठवला. जाताना मला म्हणाली, तू यांचा मामा. खरंच मामा बनवलं मला."

काउंटरमागे मावशी खो खो हसली. ही छोट्या डॉक्टरची सख्खी मावशी. दवाखान्याचा फोन, हिशोब, चहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची विचारपूस, सगळं तिच्याकडे. "या इकडे," तिनं बोलावलं, "बघू कोणाची तारीख आहे ती." आणि कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला.

पडदा बघून त्याचा चेहरा असा काही पडला, की त्याला कुत्रा चावला असता तरी इतका पडला नसता.

"अहो, हे टेबल फारच चुकीचं आहे."

"टेबलाला काय झालंय?" मावशीनं काउंटरवर थाप मारली. "चांगलं भक्कम आहे."

"ते नाही. हे... पडद्यावरचं." त्यानं बोट ठेवलं. एका रकान्यात मालकाचं नाव. शेजारी जनावरांची नावं, एका घरातली सगळी एकाच खणात, स्वल्पविराम देऊन कोंबलेली. त्याच्या शेजारी लसीच्या तारखा, त्याही तशाच. "निरोप पाठवणारा प्रोग्राम अख्खा खण एकच नाव समजतो. आणि तारीख फक्त पहिली उचलतो. बाकीच्यांच्या तारखा येतात आणि जातात, कोणाला पत्ता नाही."

छोटी डॉक्टर हात पुसता पुसता थांबली. उन्हाळ्यात एक पिल्लू आलं होतं, आठवडाभर सलाइनवर होतं. घरातल्या मोठ्या कुत्र्याला वेळेवर लस मिळाली होती. पिल्लाची राहून गेली होती. मालक शपथेवर सांगत होते, की आम्हाला निरोपच आला नाही. पिल्लू वाचलं, पण थोडक्यात. निरोप का आला नाही, ते तिला आत्ता कळत होतं.

"हे नीट करता येईल?" तिनं विचारलं.

"माझं कामच आहे ते. एका ओळीत एकच जनावर. त्याचं नाव, त्याची तारीख."

"आणि पैसे किती घ्याल?"

त्यानं वजनकाट्यामागून त्या दांडग्या कुत्र्याकडे पाहिलं. "मी येईन तेव्हा... सगळे बांधलेले असतील?"

तो गेल्यावर मावशी म्हणाली, "टेबलराव बरे वाटतात गं." आणि त्या दिवसापासून तो टेबलरावच झाला.

*

तो संध्याकाळी यायचा. ऑफिस सुटल्यावर, दवाखान्यातली गर्दी ओसरायच्या सुमाराला. काउंटरमागच्या अरुंद जागेत दोन स्टुलं कशीबशी मावायची. मावशी चहा ठेवायची आणि मग तिला अचानक आतली कपाटं आवरायची आठवण व्हायची. ती कपाटं इतकी वर्षं कोणी आवरली नव्हती.

काम दिसलं तितकं सरळ नव्हतं. सगळीकडे स्वल्पविराम असता तर एका चुटकीत झालं असतं. पण कुठे स्वल्पविराम, कुठे तिरपी रेघ, कुठे अधिकचं चिन्ह. आणि कुठे नुसतंच 'व'.

"हा 'व' कोणाचा?"

"बाबांचा. त्यांना 'आणि' लिहायचा कंटाळा." तिचे बाबा म्हणजे मोठे डॉक्टर. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी काम सोडलं होतं; वरच्या मजल्यावर राहायचे आणि सकाळी वर्तमानपत्र घेऊन खाली येऊन बसायचे.

"'व' दिसला की तोड, असं सांगितलं ना, तर या वाघोबाचं डोकंच उडेल."

"मग?"

"मग आधी-मागे मोकळी जागा असलेलाच 'व' तोडायचा. वाघोबा वाचला." त्यानं काहीतरी टाइप केलं. एका खणातली चार नावं सुटून एकाखाली एक चार ओळींत उभी राहिली. तिला ते फार आवडलं. रांगेत उभं राहायला सांगितलेली मुलं असावीत तशी दिसत होती ती.

"हे काय? या घरात 'राजा' आणि 'दुसरा' असे दोन पोपट?"

तो पडद्याजवळ वाकला. तीही वाकली. तिच्या केसांना जंतुनाशकाचा वास येत होता. त्याच्या शर्टाला उन्हात वाळलेल्या कापडाचा. दोघंही जरा जास्तच वेळ वाकलेली राहिली.

"अय्या, एकच पोपट आहे तो!" तिच्या लक्षात आलं. "पहिला राजा गेला, मग त्यांनी हा आणला. 'राजा, दुसरा'. तुम्ही त्याचे दोन केलेत!"

"फुकट दिला समजा एक पोपट."

ती हसत सुटली. मग गालावर हात ठेवून त्याच्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही सगळ्याच गोष्टी अशा तोडत सुटता का?"

"ज्या चुकून एकत्र कोंबल्यात तेवढ्याच."

"आणि ज्या चुकून वेगळ्या राहिल्या असतील?"

तिनं थट्टेतच विचारलं होतं. पण विचारून झाल्यावर तिलाच कानशिलं गरम झाल्यासारखी वाटली. तो पडद्याकडे बघत राहिला. त्याची बोटं कीबोर्डवर होती, चालत मात्र नव्हती.

"ते... मला अजून नीट जमलेलं नाही," तो हळूच म्हणाला.

आतून कपाटाचं दार आपटल्याचा आवाज आला. मावशीनं बहुतेक कान फारच जवळ आणला होता.

*

आठवड्याच्या अखेरीला काम झालं. पडद्यावर ओळीच ओळी होत्या. ढगूची एक, बटणची एक, काळीची एक. छोट्या डॉक्टरनं त्या वरपासून खालपर्यंत वाचून काढल्या. किती तरी जणांचं नाव मालकाच्या नावामागे असं लपलं होतं, की ती त्यांना विसरूनच गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नवे निरोप गेले.

आणि त्याच सकाळी गाणं शिकवणाऱ्या बाई त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याला रिक्षात घालून घेऊन आल्या. कुत्र्याचं नाव खर्ज. भुंकणं तसंच भारदस्त. बाईंचा चेहरा उतरला होता.

"डॉक्टर, लस चुकून वर्ष झालं म्हणे! मी इतकी कशी विसरले?"

तिनं कॉम्प्युटर पाहिला. खरंच वर्ष होऊन गेलं होतं. "घाबरू नका, आत्ता टोचून टाकू." तिनं सुई भरली, खर्जाच्या मानेवरची कातडी चिमटीत धरली...

"त्याला परत कशाला?" दारातून आवाज आला. मोठे डॉक्टर वर्तमानपत्र बगलेत धरून उभे होते. "मी काम सोडायच्या आधी तू शिबिराला गेली होतीस, तेव्हा मीच नाही का टोचलं याला? तोंड सुजून केवढं झालं होतं त्याचं! पुढच्या वेळी जपून द्यायचं ठरलंय."

तिनं सुई खाली ठेवली. खर्जानं मान वळवून तिचं मनगट चाटलं, तेव्हा तिला रडूच यायचं बाकी राहिलं.

बाईंना घरी पाठवून तिनं आणखी काही नावं उघडून पाहिली. आणखी एक चूक. आणखी एक. तिनं त्याच्या ऑफिसात फोन लावला.

तो लगेच आला. दारात एक कुत्रं मोकळं बसलं होतं, तरी सरळ आत आला. खुर्चीवर बसायच्या आधी म्हणाला, "पहिल्यांदा निरोप थांबवतो." ते थांबवले, आणि मग खर्जाची जुनी ओळ काढून बघत बसला. नावांच्या खणात आधी एक स्वल्पविराम होता, आणि मग खर्जाचं नाव. स्वल्पविरामाच्या अलीकडे काहीच नव्हतं.

"इथे आधी कोण होतं?"

"मुरकी," मोठे डॉक्टर म्हणाले. "त्यांची मांजर. ती गेली. नाव पुसलं, पण शेजारच्या तारखा कोण हलवत बसणार? मला ते जमेना. म्हणून खूण तशीच ठेवली, म्हणजे क्रम बिघडत नाही. मी नेहमी तसंच करायचो."

त्यानं डोळे मिटले. "मी रिकामे तुकडे टाकून दिले. निरुपयोगी वाटले. त्यामुळे खर्ज दुसऱ्या नंबरवरून पहिल्यावर आला आणि त्याला मुरकीची तारीख चिकटली. चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं."

त्यानं सारवासारव केली असती तर ती कदाचित कमी चिडली असती. पण सकाळपासून आवरून धरलेलं सगळं तोंडावाटे बाहेर आलंच. "तुमच्यासाठी ते तुकडे आहेत हो! माझ्या हातात सुई होती. कळतंय का तुम्हाला? सुई होती माझ्या हातात!"

त्यानं मान हलवली. दुपारभर तिथेच बसून त्यानं सगळं पुन्हा केलं. या वेळी तोडतानाच प्रत्येक तुकड्याला नंबर दिला, पहिला, दुसरा, तिसरा. तुकडा रिकामा असला तरी त्याचा नंबर त्याच्याकडेच. मग नावांचे नंबर तारखांच्या नंबरांशी जुळवले, आणि रिकाम्या ओळी अगदी शेवटी काढल्या. जाताना फक्त एवढंच म्हणाला, "या वेळी माझ्यावर विसंबू नका. प्रत्येक घरी विचारून खात्री करू. मी येईन, तुमची हरकत नसेल तर."

"या," ती म्हणाली. आवाज अजून कोरडाच होता.

दुसऱ्या दिवशी ती खर्जाला बघायला बाईंच्या घरी गेली. आतून कोणीतरी शिष्य सूर लावत होता. बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "काल तुमचा तो उंच मुलगा येऊन गेला."

"माझा... कोण?"

"अहो, कॉम्प्युटरवाला. बराच वेळ बाहेर जिन्यात उभा होता. मी म्हटलं, आत या. तर म्हणे, आधी कुत्र्याला बांधा. मी म्हटलं, तो हल्ली सोफ्यावरूनसुद्धा उठत नाही. तेव्हा आला, आणि भिंतीला पाठ लावून बसला. घाम फुटला होता बिचाऱ्याला! म्हणाला, चूक पूर्ण माझी आहे, डॉक्टरांवरचा विश्वास कमी करू नका." बाई हसल्या. "निघताना खर्जाची माफी मागितली. लांबूनच."

छोटी डॉक्टर खर्जाच्या शेजारी बसली. त्याच्या कानामागे खाजवताना तिच्या लक्षात आलं, की आपण कधीच्या गालातल्या गालात हसतोय.

*

मग खात्री करायचं काम सुरू झालं. बहुतेकांना फोनवर विचारून झालं. फोन न उचलणाऱ्यांकडे दोघं सुट्टीच्या दिवशी चालत गेले. एका घरी ससे होते. एका घरी मालकानं दोघांना नवरा-बायको समजून सरबत दिलं, आणि दोघांपैकी कोणीच ते खोडून काढलं नाही. परत येताना भुरभुर पाऊस लागला. छत्री एकच होती, तिची. तो इतका आब राखून कडेला चालत होता, की त्याचा अर्धा शर्ट भिजला.

"आत या ना. छत्री चावत नाही."

तो एक पाऊल आत सरकला. दोघांची कोपरं एकमेकांना लागली, आणि कोपऱ्यावर एक गाडी पाणी उडवत गेली तोपर्यंत लागलेलीच राहिली.

"त्या दिवशी मी फार बोलले," ती म्हणाली.

"बरोबर बोललात."

"बरोबर होतं. पण फार होतं."

"...थोडंसं," तो म्हणाला, आणि दोघं एकदमच हसले.

पण कामाला शेवट असतोच. शेवटच्या घरी जाऊन झालं. निरोप पुन्हा सुरू झाले आणि बिनचूक जाऊ लागले. त्याची बहीण परत आली, तिच्या मांजरी तिच्या ताब्यात गेल्या. टेबलराव एका संध्याकाळी आले, सगळं एकदा तपासलं, चहा प्यायले, "काही लागलं तर कळवा," म्हणाले... आणि गेले.

काहीच लागलं नाही. हाच तर घोटाळा होता. त्यानं काम इतकं चोख केलं होतं, की त्याला बोलवायला जागाच उरली नव्हती. संध्याकाळी गर्दी ओसरली, की छोटी डॉक्टर काउंटरमागे जाऊन बसायची आणि उगाच जुन्या ओळी वाचायची. एक स्टूल रिकामं असायचं. मावशीची कपाटं पुन्हा पसरली होती.

"बिघडव की काहीतरी," मावशी एकदा म्हणाली.

"मावशी!"

"मग सरळ जा आणि भेट. तो स्वतःहून यायचा नाही. घरात शिरायला कारण लागतं त्याला."

*

ती दुपारी गेली. दोन ऑपरेशनांच्या मधल्या मोकळ्या वेळात, अंगात तसाच पांढरा कोट, कोटावर मांजराचे केस. त्याचं ऑफिस एका उंच इमारतीत होतं. काचेचं दार, पलीकडे एकमेकांकडे पाठ करून बसलेली माणसं, आणि इतकी शांतता, की तिला स्वतःच्या चपलांचा आवाज नकोसा झाला.

"काय काम होतं?" दाराशी बसलेल्या मुलीनं विचारलं.

"काम... नाही."

मुलीनं तिच्या कोटाकडे बघितलं, कोणाला भेटायचंय ते विचारून घेतलं आणि बिचारीनं त्याला बोलावून आणलं. तो जवळजवळ धावतच आला.

"काय झालं? परत चुकलं का? कोणाची तारीख—"

"नाही. इथे नको, जरा बाहेर या."

ते जिन्यात जाऊन उभे राहिले. मोठ्या खिडकीतून ऊन पायऱ्यांवर उतरलं होतं.

"सगळं बरोबर चाललंय," ती म्हणाली. "लोक वेळेवर येतात. माझं तुमच्याकडे काहीच काम नाही. काडीचंही नाही. म्हणून आले."

"मला... कळलं नाही."

"कळेल असं वाटलं नव्हतंच." तिनं कोटाच्या खिशात हात घातले. "हे बघा, मी दिवसभर जनावरांशी बोलते. त्यांना आडून आडून सांगता येत नाही, त्यामुळे ती सवयच नाही मला. तुम्ही येत नाही म्हटल्यावर संध्याकाळ संपता संपत नाही. तुम्ही आवडता मला. झालं. आता तुम्हाला काय म्हणायचंय ते सावकाश म्हणा, मला घाई नाही."

तो पायरीवर मटकन बसला. वर बघितलं. उन्हामुळे डोळे बारीक करावे लागले, तरी बघतच राहिला.

"मी उद्या येणार होतो," तो म्हणाला.

"कशाला?"

"बॅकअप तपासायला, असं सांगणार होतो."

"तो कसा तपासतात?"

"तपासत नाहीत. आपोआप होतो तो. तीन आठवडे कारण शोधत होतो आणि शेवटी हे एवढंच सापडलं."

ती खळखळून हसली; आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला. मग तीही त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"बरं. बॅकअप तपासून झाला. पुढे काय बोलणार होतात?"

"पुढचं पाठ केलं नव्हतं." त्यानं तिच्या बाहीवरचा मांजराचा एक केस अलगद उचलला, आणि बोट तिथेच, मनगटापाशी राहिलं. "पण साधारण असं काहीतरी, की... तू फरशीवर बसली होतीस ना, हसलीस ना माझ्याकडे बघून, तेव्हापासून मला ऑफिसात बसवत नाही. खूप आवडतेस तू मला. फार."

"'तू' म्हणालात."

"म्हणालो खरं. नको म्हणू?"

"म्हण की," ती म्हणाली, आणि त्याचं बोट तिनं मुठीत धरून ठेवलं.

खाली कुठेतरी लिफ्ट उघडल्याचा, मिटल्याचा आवाज येत राहिला. मग तिच्या खिशात फोन वाजला. मावशीचा आवाज एवढा मोठा होता, की त्यालाही ऐकू गेलं. "अगं, एक आजोबा कासव घेऊन आलेत! ते तोंडच बाहेर काढत नाही, मी कोणाशी बोलू? ये लवकर!"

ती उठली, कोट झटकला. तो अजून पायरीवरच होता.

"कासव आहे," तो म्हणाला. "त्याला कसली घाई?"

"त्याला नसेल, मावशीला आहे." तिनं हात पुढे केला. "येतोस?"

त्यानं एकदा काचेच्या दाराकडे पाहिलं, आणि तिचा हात धरून उठला.